गुबूचा नंबर

मावशीच्या गळ्यात दोघं राहायची. एक ती स्वतः आणि दुसरा गुबू.

मावशीचा स्वतःचा आवाज म्हणाल तर अगदी साधा. दुकानात तिने काही मागितलं तर दुकानदार मान वर न करता म्हणायचा, "जरा थांबा." पण तिथेच एखादं पोर रडत असलं आणि तिने गुबू काढला, की पोर गप्प, पोराची आई गप्प आणि दुकानदार काउंटरवरून अर्धा बाहेर. पोटापाण्याचा धंदाच होता तिचा तो. ती कार्टूनला आवाज द्यायची.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांना गुबू ठाऊक नसेल, तर सांगून टाकते. एक जपानी मालिका आहे. त्यात पडद्यांच्या पलीकडे एक दुनिया असते, तिथे डिजिटल राक्षस राहतात, आणि नशीबवान मुलांच्या वाट्याला त्यातला एकेक सोबती येतो. मुलाच्या खिशातल्या छोट्या यंत्रातून तो बोलतो. मूल संकटात सापडलं की हा फुगत फुगत डोंगराएवढा होतो आणि काम आटोपलं की पुन्हा टोपीत मावेल एवढा. राक्षस म्हणायचं आपलं नावाला. गुबू तर निव्वळ पोट आणि दोन शिंगं, त्यातलंही एक मोडकं. आपल्या भाषेत तो मावशीच्या तोंडून बोलायचा. डोंगराएवढा झाला की आवाज दुसऱ्याचा. त्या माणसाला स्टुडिओत सगळे ढोल म्हणत. तो येऊन गर्जायचा, चहा प्यायचा आणि निघून जायचा. खरी मेहनत लहान गुबूची. कानाला हेडफोन लावून अंधाऱ्या खोलीत उभं राहायचं, समोर पडद्यावर गुबूचं तोंड उघडलं की आपलं उघडायचं, मिटलं की मिटायचं, आणि या सगळ्यात पोरांना खरं वाटलं पाहिजे.

गुबूचं एक वाक्य फार गाजलं होतं. त्याचा मुलगा काही गुपित सांगतो तेव्हा गुबू पोटावर हात ठेवून म्हणतो, "तुझं माझ्यापाशी!" मूळ जपानीत तो काय म्हणतो देव जाणे. संवाद लिहिणाऱ्या बाईंना फक्त एवढंच दिसत होतं की त्याचं तोंड पटकन उघडतं, मिटतं आणि शेवटी सगळे दात दिसतात. दात दिसतात म्हणून शेवटी "शी" हवी, आणि म्हणून "माझ्यापाशी". पण ते वाक्य असं चिकटलं की शाळांच्या मैदानांवर पोरं पोटावर हात ठेवून एकमेकांना तेच म्हणायला लागली.

मावशीच्या बहिणीची मुलगीही म्हणायची. दुसरीत होती. एका जागी कधी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिच्यासाठी मावशीने एक गंमत केली होती. आपला जुना, काच तडकलेला फोन तिला देऊन टाकला आणि त्यात दोन नंबर घातले, एक मावशीचा आणि एक गुबूचा. दोन्ही सिमं मावशीच्याच फोनमध्ये होती, पण भिंगरीच्या फोनवर दुसरा नंबर आला की गुबूचा फोटो झळकायचा. मग मावशीने मावशीसारखं बोलायचं नाही, हा नियम.

भिंगरीला कळत नव्हतं असं नाही हो. पोरं आपल्याला वाटतात तेवढी भोळी नसतात. एकदा मावशीला सर्दी झाली तर म्हणाली, "मग आज गुबूचा पण घसा दुखत असेल ना?" पण तिच्या मनात दोघांची खाती वेगळी होती. मावशी ती मावशी, खाऊ आणणारी, आईची बहीण, आईच्या बाजूची. गुबू फक्त तिचा.

आता आईच्या बाजूची म्हणजे काय, तर ताईचा आणि भावजींचा संसार मोडला होता. भांडीकुंडी वाटून झाली, पोरीचीही वाटणी झाली. रविवार बापाचा, बाकी सगळे वार आईचे. ताई बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसायची. दिवसभर लोकांची कटकट ऐकून संध्याकाळी घरी यायची. तोवर भिंगरी शेजारच्या काकूंकडे. काकू घरी बसून कपड्यांना बटणं लावायचं काम करायच्या, आणि बटणांचे रंग निवडायला भिंगरीला बसवायच्या. तिला एका जागी बसवायची युक्ती सबंध बिल्डिंगमध्ये त्यांनाच सापडली होती.

एक दिवस काकू सहज ताईला म्हणाल्या, "शाळा सुटून बराच वेळ झाला तरी येत नाही गं ही हल्ली. जरा बघ."

ताईने विचारलं. भिंगरी म्हणाली, मैत्रिणीकडे. कोणती मैत्रीण, तर उत्तर नाही. ताईने रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, पोरीने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. मग ताई मावशीकडे आली. चप्पलसुद्धा न काढता दारातच म्हणाली, "तुझ्या त्या गुबूला विचारायला लाव ना. त्याला सांगेल ती."

"असं नको गं, ताई," मावशी म्हणाली.

म्हणाली खरी. पण ताईचे डोळे ओढलेले होते, आणि जगात काय चाललंय हे रोज खिडकीतून बघणारी बाई, तिच्या मनात काय काय येत असेल! मन चिंती ते वैरी न चिंती. शिवाय खरं सांगायचं तर मावशीला आतून थोड्या गुदगुल्याही झाल्या. जे सख्ख्या आईला जमलं नाही ते आपल्या गुबूला जमणार. ही गुदगुली नंतर तिला फार महागात पडली, पण तेव्हा ती होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिने संध्याकाळी गुबूच्या नंबरवरून फोन लावला. आधी खाण्याच्या गप्पा केल्या, कारण गुबू आधी खाण्याच्याच गप्पा करतो. मग अगदी लाडीगोडी लावत विचारलं, "भिंगरे, शाळा सुटल्यावर तू कुठे गडप होतेस गं? मला एकट्याला कंटाळा येतो ना!"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज. मग कुजबुज.

"बाबांच्या दुकानात. शाळेच्या मागच्या गल्लीत आहे ना, चष्म्यांचं. बाबा मला त्या उंच खुर्चीवर बसवतात आणि ती जड फ्रेम घालतात माझ्या नाकावर. मग एकेक काच टाकतात. एका काचेतून रस्ता वाकडा दिसतो. एकीतून बाबांचं नाक एवढं मोठं दिसतं!" ती खुदकन हसली आणि लगेच थांबली. "आईला सांगू नकोस हं. आई म्हणते रविवारीच जायचं. पण रविवार किती लांब असतो."

आणि मावशी, भली बाई, काय म्हणाली असेल?

"तुझं माझ्यापाशी!"

फोन ठेवला आणि दुसऱ्या सिमवरून ताईला लावला.

तिला वाटलं होतं, ताई ऐकून सुटकेचा श्वास टाकेल. पोरगी बापाकडेच जाते, दुसरीकडे कुठे नाही, संपला विषय. पण करायला गेली एक आणि झालं भलतंच. ताईच्या कानात फक्त एवढंच शिरलं, की आपल्या पाठीमागे बाप पोरीला खोटं बोलायला शिकवतो. दुसऱ्या दिवशी खिडकी सोडून ती थेट चष्म्याच्या दुकानात. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बसून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होते, ते अर्ध्यातच राहिले. ताई जे बोलली ते रस्त्यावर उभ्या असलेल्यांनीही ऐकलं. भावजी हातातली काच पुसत राहिले. बोलला तो दुकानाचा मालक, आणि ताई गेल्यावर. "घरची भांडणं घरी. मला गिऱ्हाइकं सांभाळायची आहेत." त्याचं आणखी एक दुकान दुसऱ्या गावात होतं, पार लांब. तिथे माणूस हवाच होता. भावजींना तिकडे पाठवलं.

रविवारही गेला. आता "जमेल तेव्हा" आलं, आणि जमेल तेव्हा म्हणजे काय ते मोठ्यांना बरोबर कळतं.

"मी काय त्याला गाव सोडायला सांगितलं होतं?" ताई मावशीसमोर रडली. मावशीने तिला पाणी दिलं. आपलेच दात, आपलेच ओठ. ताईने भांडण केलं ते रागाच्या भरात. मावशीने तर काही रागबिग नसताना, गोड आवाजात, पोरीचा केसाने गळा कापला होता. जेवताना घास घशाशी आला की तिला वाटायचं, हा घसा आपला नाही, गुबूचा आहे, आणि आपण तो चोरून वापरला.

भिंगरी फिरायची थांबली. शाळा, काकू, घर. रडली नाही, हट्ट केला नाही. गुबूला फोन नाही आणि मावशीलाही नाही. मावशी खाऊ घेऊन गेली तर "ठेव तिथे" म्हणाली, पाहुण्या बाईला म्हणावं तसं.

मग एका संध्याकाळी गुबूचा नंबर वाजला.

"गुबू, तू सांगितलंस का आईला?"

इथे मावशीला संधी होती. देवाने दिलेली म्हणा, नाहीतर फोनच्या कंपनीने दिलेली म्हणा. खरं बोलून मोकळं व्हायचं. पण जिभेला हाड नसतं, आणि गुबूच्या जिभेला तर मुळीच नाही. पडद्यावरचं तोंड उघडलं की लगेच वाक्य टाकायची इतक्या वर्षांची सवय. विचार करायच्या आत वाक्य बाहेर पडलं.

"मी? छे गं! मी कशाला सांगेन?"

"मग कोणी सांगितलं?"

"काकूंनी बघितलं असेल तुला."

झालं. असं किती सहज बोलता येतं बघा! फोन ठेवल्यावर मावशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आरशात बघायची हिंमत नव्हती.

चार दिवसांनी रेकॉर्डिंग होतं. मावशीची मनोमन इच्छा होती की आज आवाज लागू नये. घसा बसावा, खोकला यावा, निदान गळा दाटून तरी यावा. लोकांचं नाही का होत, पाप केलं की अन्न जात नाही, झोप लागत नाही? पडद्यावर गुबूने पोटावर हात ठेवला, तोंड उघडलं, मिटलं, दात दिसले. मावशी म्हणाली, "तुझं माझ्यापाशी!"

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला, "ओके! पहिल्याच टेकला! काय गोड लावलाय हो आज, गुबूताई. अगदी पोटातून आला."

मावशीने हेडफोन काढला आणि तिला स्वतःची शिसारी आली. आवाज कुठेही फाटला नव्हता, कंप पावला नव्हता. खरं बोलताना यायचा तसाच, किंवा त्याहून बरा. एवढं सगळं करूनही आपला आवाज इतका स्वच्छ कसा, हा प्रश्न घेऊन ती ताईकडे निघाली. बिल्डिंगच्या खाली काकू भेटल्या. हातात बटणांची पिशवी आणि डोळे लाल.

"काय झालं, काकू?"

"अगं, काय सांगू. भिंगरी माझ्याकडे येत नाही. परवा दारातून मला चुगलखोर म्हणाली. आता शाळेतून आली की जिन्यातच बसते, दप्तर मांडीवर घेऊन. ताई येईपर्यंत. दूध दिलं तर पायरीवर तसंच ठेवून देते." काकूंनी डोळे पुसले. "मी त्या उशिराचं बोलले ना ताईला, तेच बोचलं असेल तिला. माझंच चुकलं असेल काहीतरी."

माझंच चुकलं असेल!  जिचं काडीचं चुकलं नाही ती बाई जिन्याखाली उभी राहून चूक कबूल करत होती, आणि जिने केलं तिला पहिल्या टेकला ओके मिळत होता.

"काकू," मावशी म्हणाली, "तुमचं काही चुकलेलं नाही. तुमचं नाव मी घेतलं. गुबूच्या तोंडून."

काकूंना आधी कळलंच नाही. मग कळलं.  ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पोरीला सांग," एवढंच म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या.

भिंगरी वरच्या वळणावर बसली होती. दप्तर मांडीवर, बूट तसेच. मावशी दोन पायऱ्या खाली बसली, म्हणजे डोळे समोरासमोर आले. काकू आपल्या दारात थांबल्या.

"भिंगरे, काकूंनी नाही सांगितलं आईला. मी सांगितलं."

भिंगरीने भुवया आक्रसल्या. "पण मी तुला सांगितलंच नव्हतं."

 मावशीने जिना चढताना सगळी वाक्यं जुळवली होती. आईला काळजी वाटत होती, मला वाटलं बरं होईल, मोठी माणसंही चुकतात. त्यातलं एकही या वाक्यापुढे टिकलं नाही.

"मी ऐकलं," ती म्हणाली.

"चोरून?"

"हो. चोरून."

"आणि काकूंचं? ते तर गुबू म्हणाला."

"गुबू नाही म्हणाला. त्याच्या आवाजात मी म्हणाले. गुबू असं कधीच म्हणाला नसता." मावशीचा आवाज आता फाटला. हवा तेव्हा न फाटलेला आवाज इथे जिन्यात फाटला, तिचा स्वतःचा, साधा. "मी फार वाईट वागले गं. तू विश्वासाने सांगितलंस आणि मी..."

"मग बाबांना परत आण."

"ते माझ्या हातात नाही, राणी. मी आईशी बोलेन, रोज फोनवर तरी—"

भिंगरी उठली. बाकीचं तिने ऐकलं नाही. दारातल्या काकूंपाशी गेली, त्यांच्या पोटाला डोकं लावून "सॉरी" म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मावशी मागोमाग आत आली आणि बाहेरच्या खोलीत नुसती उभी राहिली. काकूंनी बस म्हटलं नाही. त्या बटणं निवडायला लागल्या, पांढरी एकीकडे, काळी एकीकडे.

तेवढ्यात मावशीच्या पिशवीत फोन वाजला.

मावशीने काढून बघितलं. दुसरं सिम. गुबूचा नंबर. तिने बंद दाराकडे बघितलं, मग काकूंकडे. काकूंनी मानेनेच जिन्याची दिशा दाखवली.

मावशी बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि फोन कानाला लावला. पोरीला दुखावून वर तिच्याशी पुन्हा तेच नाटक करायचं? पण भिंगरीने हाच नंबर लावला होता. तिला या घडीला कोणाशी बोलायचंय हे तिने स्वतः ठरवलं होतं.

"बोल, भिंगरे," गुबू म्हणाला.

"गुबू, मावशी आहे का तिथे?"

मावशीला आता खोटं बोलायचं नव्हतं. या आवाजात तर मुळीच नाही.

"आहे. जिन्यात उभी आहे."

"तिला म्हण, कान झाक."

मावशीने फोन नसलेल्या कानावर तळहात दाबला. तिच्याकडे तेवढाच एक कान रिकामा होता.

"झाकला," गुबू म्हणाला.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती जुनी कुजबुज.

"तू काही केलं नाहीस ना, म्हणून तुझ्याशी कट्टी नाही. पण मावशीला मी आता काहीच सांगणार नाहीये. मोठी झाले तरी नाही. शप्पथ." मग आणखी हळू. "हे तिला सांगू नकोस हं, गुबू. ती रडेल."

मावशीचे डोळे भरून वाहत होते, पण तिने तोंड मिटून घेतलं, श्वास पोटात धरला, आणि पडद्यावर करायची तसा हात पोटावर ठेवला.

"तुझं माझ्यापाशी," गुबू म्हणाला.

फोन बंद झाला. मग मावशी पायरीवर बसली आणि रडली. भिंगरी म्हणाली होती तसंच.